तापनविरहित हरितगृहात नाजूक भाजीपाला रोपांची पुनर्लागवड : योग्य वेळेच्या निश्चितीचे शास्त्रीय विवेचन

गोषवारा :
टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची, काकडी यांसारख्या उष्णताप्रिय पिकांची रोपे कृत्रिम उष्णता नसलेल्या हरितगृहात केव्हा हलवावीत, हा प्रश्न वरकरणी दिनदर्शिकेचा वाटतो. वस्तुतः तो रात्रीच्या किमान तापमानाचा व मुळांभोवतीच्या मातीच्या तापमानाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची वनस्पतिशास्त्रीय व भौतिक बाजू स्पष्ट करून लेह-लडाख आणि महाराष्ट्राचे पठार या दोन परस्परभिन्न प्रदेशांच्या आधारे वेळ ठरविण्याची एक सोपी मोजमाप-पद्धती मांडली आहे.

बीजशब्द : तापनविरहित हरितगृह, शीत-इजा, किमान तापमान, मृदा तापमान, प्रारण, पुनर्लागवड.

१. प्रस्तावना :
हरितगृह म्हटले की उबदार जागा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. जानेवारीतील दुपारी एखाद्या पॉलिहाऊसमध्ये पाऊल टाकले की ही समजूत अधिकच पक्की होते. बाहेर अंगात स्वेटर असतो आणि आत गेल्यावर काही मिनिटांतच घाम फुटतो. अशा वेळी रोपवाटिकेतील ट्रेमध्ये दाटीने वाढलेली काकडीची किंवा टोमॅटोची रोपे तेथे लावून टाकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. चार आठवडे लवकर लागवड म्हणजे चार आठवडे लवकर माल, आणि हंगामाच्या आरंभी बाजारात आलेल्या मालाला मिळणारा चढा भाव, असा हा सरळ हिशेब असतो.

हा हिशेब अनेकदा चुकतो. चुकला तरी तो का चुकला हे लक्षात येत नाही, ही त्याहून गंभीर बाब होय. दहिवराने करपलेले रोप दुसऱ्या दिवशी सकाळीच काळवंडलेले दिसते व कारणही त्याच क्षणी कळते. परंतु ५ ते १० अंश सेल्सिअसच्या रात्रींनी झालेली इजा मूक असते. पाने हिरवीच राहतात, रोप उभे असते, मात्र त्याची वाढ थांबते. दोन आठवड्यांनी पानांखाली जांभळट छटा दिसते, तेव्हा खताला दोष दिला जातो. काही रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात, तेव्हा रोगाला दोष दिला जातो. पुढे फळे वेडीवाकडी आली की बियाण्याला किंवा रोपवाटिकेला दोष दिला जातो. प्रत्यक्षात खरे कारण महिन्याभरापूर्वीच्या काही थंड रात्रींत दडलेले असू शकते. संकरित बियाणे महाग आहे. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने एका लागवडीचे नुकसान म्हणजे एका हंगामाचे नुकसान असते. म्हणूनच ही वेळ अंदाजाने नव्हे, तर मोजमापाने ठरविली गेली पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२. 'कोवळे' आणि 'नाजूक' यांतील भेद :
विवेचनाच्या आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. कोणतेही लहान रोप कोवळे असतेच. परंतु प्रत्येक कोवळे रोप थंडीच्या दृष्टीने नाजूक नसते. कोबी, फुलकोबी, वाटाणा, पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा ही पिके थंड हवामानात वाढणारी आहेत. त्यांची रोपे ४-५ अंशांची रात्र सहज सोसतात आणि हळूहळू सवय झाल्यास त्याहूनही खालचे तापमान पचवितात.

याउलट टोमॅटो व ढोबळी मिरची ही मूळची अमेरिका खंडातील उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांतील, तर वांगी व काकडी ही आशियाच्या उष्ण भागातील पिके होत. काकडीचे रानटी पूर्वज तर आपल्या देशातच, हिमालयाच्या पायथ्याशी आढळतात. या पिकांच्या जडणघडणीत दीर्घ थंडीला तोंड देण्याची यंत्रणा विकसित झालेली नाही. पाणी गोठण्याच्या कितीतरी आधी, म्हणजे साधारण १० ते १२ अंशांच्या खालीच, त्यांना इजा होऊ लागते. या इजेला 'शीत-इजा' असे म्हणता येईल. पेशींतील पाणी गोठून होणारी 'हिम-इजा' ही वेगळी प्रक्रिया आहे. हरितगृह हिम-इजा पुष्कळदा टाळते. शीत-इजा मात्र ते टाळेलच असे नाही. या दोहोंतील भेद लक्षात न घेतल्यामुळेच 'आत दहिवर पडत नाही, म्हणजे रोपे सुरक्षित आहेत' असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो.

३. थंड रात्र रोपाचे काय बिघडविते?

३.१ पेशीपटल :
वनस्पतीच्या पेशीभोवतीचे आणि पेशीतील सूक्ष्म अंगकांभोवतीचे पटल मुख्यत्वे मेदद्रव्यांचे व प्रथिनांचे बनलेले असते. हे पटल कार्यक्षम राहण्यासाठी त्यातील मेदद्रव्ये प्रवाही असावी लागतात. थंडीत खोबरेल तेल थिजते, परंतु शेंगदाण्याचे तेल सहसा पातळच राहते, हा अनुभव घरोघरी येतो. खोबरेल तेलात संपृक्त मेदाम्लांचे प्रमाण अधिक असते, हे त्याचे कारण होय. काहीसा असाच प्रकार पेशीपटलात घडतो. लायन्स व रेझन यांनी १९७० च्या सुमारास केलेल्या अभ्यासांतून थंडीला नाजूक असलेल्या वनस्पतींच्या पटलात विशिष्ट तापमानाखाली असा बदल होत असल्याची मांडणी पुढे आली. पुढील संशोधनाने या चित्रात अनेक तपशिलांची भर घातली. तथापि शीत-इजेच्या मुळाशी पटलाचे बिघडलेले कार्य आहे, हा गाभा टिकून राहिला. पटल ताठरले की त्यातून क्षार झिरपू लागतात आणि श्वसन व प्रकाशसंश्लेषण यांचा मेळ बिघडतो.

३.२ मुळे व पाणी :
थंड मातीत पाण्याची श्यानता वाढते आणि मुळांच्या पटलातून पाणी आत येण्याचा वेगही मंदावतो. अशा वेळी सकाळी हरितगृहात लख्ख ऊन आले की पाने तापतात व बाष्पोच्छ्वास सुरू होतो. मुळे मात्र अद्याप थंडच असतात. परिणामी माती ओली असूनही रोप माना टाकते. काकडीवर्गीय रोपांत हे विशेषत्वाने दिसते. अनेकदा रोप सुकले म्हणून त्याला आणखी पाणी दिले जाते. त्यामुळे माती अधिक काळ थंड व चिकट राहते आणि पिथियमसारख्या बुरशींना वाव मिळून रोपे कोलमडतात. उपाय म्हणून केलेली कृतीच येथे अपायकारक ठरते.

३.३ प्रकाश :
थंडीने प्रकाशसंश्लेषणाच्या रासायनिक क्रिया मंदावतात, परंतु हरितद्रव्याकडून होणारे प्रकाशाचे शोषण मंदावत नाही. शोषलेली ऊर्जा वापरली न गेल्याने ती पानातील यंत्रणेलाच इजा करते. म्हणून थंड रात्रीनंतरची निरभ्र, प्रखर सकाळ ही ढगाळ सकाळीपेक्षा अधिक हानिकारक ठरू शकते.

३.४ दूरगामी परिणाम :
थंड मातीत स्फुरदाचे शोषण घटते. टोमॅटोच्या पानांखाली येणारी जांभळट छटा ही बहुधा त्याची खूण असते. टोमॅटोच्या पहिल्या फुलोऱ्याची घडण रोप अगदी लहान असतानाच सुरू होते. त्या काळात थंडी लागल्यास फुलांची घडण बिघडते व पुढे चिरा पडलेली, वेडीवाकडी फळे येतात. साधारण १३ अंशांच्या खालील रात्रींत टोमॅटोच्या परागकणांची कार्यक्षमताही कमी होते. म्हणजेच लवकर लावलेले रोप जगले, फुलले, तरीही पहिला तोडा वाया जाण्याची शक्यता राहते. लवकर लावलेल्या परंतु थंडीत आखडलेल्या रोपाला दोन-तीन आठवडे उशिरा, ऊबदार मातीत लावलेले रोप गाठते आणि पुष्कळदा मागेही टाकते, हा बागायतदारांचा अनुभव या पार्श्वभूमीवर समजण्याजोगा आहे.

४. हरितगृह रात्री किती ऊब राखते?

हरितगृह दिवसा का तापते, याविषयी पाठ्यपुस्तकांतून दिले जाणारे स्पष्टीकरण बहुधा अपुरे असते. काच प्रकाश आत घेते व दीर्घलहरी उष्णता अडवून ठेवते, एवढेच त्यात सांगितलेले असते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एका पेटीवर काचेचे आणि दुसरीवर सैंधवाचे झाकण बसविले. सैंधव दीर्घलहरी प्रारण अडवीत नाही. तरीही दोन्ही पेट्यांतील तापमानात फारसा फरक आढळला नाही. तापलेली हवा वर निघून न जाणे, म्हणजेच अभिसरणास झालेला अटकाव, हे दिवसाच्या उबेचे प्रमुख कारण असल्याचे यातून सूचित झाले.

रात्री मात्र चित्र पालटते. सूर्य मावळला की हरितगृहातील माती, पाने व हवा यांची उष्णता आच्छादनातून बाहेर जाऊ लागते. काच दीर्घलहरी प्रारण पुष्कळ अंशी अडविते. साधा पॉलिथिनचा कागद त्याचा मोठा भाग आरपार जाऊ देतो. आपल्याकडील बहुतेक हरितगृहे पॉलिथिनची आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. कागदाच्या आतील बाजूस साचलेले पाण्याचे थेंब या गळतीस काही प्रमाणात आवर घालतात. कोरड्या हवेच्या, वारा पडलेल्या व निरभ्र रात्री पातळ पॉलिथिनच्या घरातील तापमान बाहेरच्यापेक्षा केवळ दोन-तीन अंशांनी अधिक, क्वचित बाहेरच्याइतकेच किंवा एखाद्या अंशाने कमीही असू शकते. बाहेर वाऱ्यामुळे वरची तुलनेने उबदार हवा खाली मिसळते. बंद घरात ती सोयही नसते.

हा मुद्दा साध्या गणिताने स्पष्ट होईल. निरभ्र, कोरड्या रात्री जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरमधून साधारण ६० ते १०० वॉट इतकी निव्वळ ऊर्जा आकाशाकडे जाते. ती ७५ वॉट धरल्यास बारा तासांच्या रात्रीत प्रति चौरस मीटर सुमारे ३.२ मेगाज्यूल ऊर्जा गमावली जाते. आता या घरात साठलेली ऊर्जा पाहू. तीन मीटर उंचीच्या घरात प्रति चौरस मीटर तीन घनमीटर हवा असते. ही हवा एक अंशाने थंड होताना जेमतेम ३.६ किलोज्यूल उष्णता देते. ती ३० अंशांवरून १० अंशांपर्यंत उतरली तरी मिळणारी ऊर्जा ७२ किलोज्यूल, म्हणजे ७५ वॉटच्या गळतीला अवघी सोळा मिनिटे पुरेल एवढीच! दुपारी अंगाला घाम फोडणारी ऊब रात्रीच्या दृष्टीने जवळजवळ शून्य किमतीची आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

रात्र निभावते ती मातीच्या, भिंतींच्या व पाण्याच्या जोरावर. ओल्या मातीचा दहा सेंटिमीटर जाडीचा थर एक अंशाने थंड होताना प्रति चौरस मीटर सुमारे पाव मेगाज्यूल ऊर्जा देतो. कोरडी माती त्याच्या जवळपास निम्मीच देते. एक लिटर पाणी दहा अंशांनी थंड होताना सुमारे ४२ किलोज्यूल देते. म्हणजे संपूर्ण रात्रीची उपरोक्त गळती केवळ पाण्याने भरून काढावयाची तर प्रति चौरस मीटर सुमारे ७७ लिटर पाणी लागेल. काळ्या रंगाच्या पाण्याच्या टाक्या हरितगृहात ठेवण्याची पद्धत यातूनच आली. मात्र वाफ्याच्या कडेला ठेवलेल्या दोन-चार बाटल्यांनी रात्र उबदार होईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

५. दोन प्रदेश, एकच प्रश्न :

५.१ लेह-लडाख :
उपरोक्त तत्त्वे प्रत्यक्ष वापरात कशी उतरली आहेत, हे पाहण्यासाठी लडाखसारखे दुसरे उदाहरण आपल्या देशात क्वचितच मिळेल. लेह हे समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथील वार्षिक पर्जन्यमान १०० मिलिमीटरच्या आसपास असून हवा विरळ व कोरडी आहे. त्यामुळे दिवसा ऊन अत्यंत प्रखर असते आणि रात्री उष्णतेची गळतीही तितकीच तीव्र असते. हिवाळ्यात पारा उणे १५ अंशांच्या खाली जाणे तेथे नवलाचे नाही. घाटरस्ते बर्फाने बंद झाले की बाहेरून ताजी भाजी पोहोचणे कठीण होते. म्हणून हरितगृह ही तेथे हौस नसून पोषणाची गरज आहे. लेह येथील संरक्षण खात्याची उच्च पर्वतीय संशोधन संस्था तसेच स्थानिक स्वयंसेवी संस्था यांनी या विषयात दीर्घकाळ काम केले आहे.

इंधन दुर्मीळ असल्याने तेथील हरितगृहे तापनविरहितच असतात. घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवलेली असते. दक्षिणेकडील बाजू पॉलिथिनची, तर उत्तरेकडील बाजू मातीच्या विटांच्या जाड भिंतीची असते. अनेक ठिकाणी भिंत दुहेरी असून मधल्या पोकळीत गवत, पेंढा यांसारखे उष्णतारोधक साहित्य भरतात. उत्तरेकडील भिंत आतून काळी रंगवितात. ती दिवसभर ऊन पिते व रात्री ऊब परत करते. सूर्यास्ताच्या सुमारास पॉलिथिनवर आच्छादन ओढून घेण्याची प्रथा आहे. मागील विभागातील हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर भिंतीने साठा वाढतो आणि आच्छादनाने गळती घटते.

तरीही अशा उत्तम घरात ऐन हिवाळ्यात पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा यांसारखी थंडी सोसणारी पिकेच घेतली जातात. टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी यांची पाळी वसंताच्या उत्तरार्धात येते. बाहेरच्या रात्री शून्याच्या वर स्थिरावू लागतात तो काळ लेह येथे साधारणपणे एप्रिलची अखेर ते मे महिना हा असतो. त्या सुमारास जाड भिंतींच्या घरात नाजूक रोपांना मानवेल अशी रात्र मिळू लागते. पातळ भिंतींच्या किंवा सावलीतील घराला त्यासाठी आणखी थांबावे लागते. एकाच गावात, एकाच तारखेला, एका घरात लावणी योग्य आणि शेजारच्या घरात अयोग्य असू शकते. तारीख पुरेशी नाही, याचा याहून बोलका पुरावा नको.

५.२ महाराष्ट्राचे पठार :
लडाखच्या तुलनेत महाराष्ट्राची थंडी सौम्य आहे, आणि नेमकी हीच गोष्ट फसवी ठरते. नाशिक, पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या पट्ट्यात डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तरेकडील कोरडे वारे आले की थंडीची लाट येते. निफाड परिसरात अशा लाटेत पारा ५ अंशांच्या खाली उतरल्याच्या नोंदी वेळोवेळी झाल्या आहेत. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात दवबिंदू गोठल्याचेही अधूनमधून आढळते. नेमक्या याच काळात उन्हाळी हंगामासाठी काकडी, कारली, दोडका, कलिंगड, टोमॅटो यांची रोपे ट्रेमध्ये तयार होत असतात.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, असे आपण म्हणतो. खगोलीयदृष्ट्या दिवस वाढण्यास २२ डिसेंबरच्या सुमारासच आरंभ होतो. मात्र दिवस वाढू लागला म्हणजे थंडी सरली, असे नाही. जमीन जितकी ऊर्जा गमावते तितकी तिला परत मिळू लागेपर्यंत काही आठवडे जातात. त्यामुळे जानेवारीतील वाढता सूर्यप्रकाश व घटलेले रात्रीचे तापमान हे दोन्ही एकत्र नांदतात. दुपार वसंताची आणि पहाट हिवाळ्याची, अशी ही अवस्था असते.

शिवाय आपल्याकडील पॉलिहाऊसची रचना मुख्यतः उष्णता बाहेर घालविण्यासाठी केलेली असते. उंच छत, वरची खुली झरोक्याची पट्टी व बाजूचे गुंडाळता येणारे पडदे हे एप्रिल-मे महिन्यांच्या दृष्टीने योग्यच आहेत. परंतु जानेवारीच्या रात्री हीच रचना गळतीस कारण होते. जाड भिंत नाही, उष्णतेचा साठा केवळ मातीचा. अशा घरात बाहेर ७ अंश असताना आत ९ अंश असणे अगदी शक्य आहे. त्याच घरात पडदे बंद राहिले तर दुपारी तापमान ३५ अंशांच्या पुढे जाते. एकाच दिवसात ९ आणि ३५ ही दोन टोके कोवळ्या रोपाने सोसावीत, ही अपेक्षा गैर आहे. दिवसाची सरासरी काढली तर ती २२ अंश येते आणि आकडा आदर्श दिसतो! सरासरी तापमानाने या प्रश्नाचे उत्तर का मिळत नाही, हे या एका उदाहरणावरून कळावे.

६. वेळ ठरविण्याची मोजमाप-पद्धती :

६.१ काय मोजावे :
यासाठी महागड्या उपकरणांची आवश्यकता नाही. जेम्स सिक्स यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार केलेला व आपल्या भूगोलाच्या प्रयोगशाळांत सर्वत्र आढळणारा कमाल-किमान तापमापी पुरेसा आहे. तो छताशी न टांगता रोपांच्या उंचीवर, वाफ्याच्या मध्यभागी, थेट ऊन लागणार नाही अशा रीतीने ठेवावा. थंड हवा खाली साचते. त्यामुळे डोक्याच्या उंचीवरील नोंद रोपाची खरी स्थिती सांगत नाही. दुसरा तापमापी मातीत दहा सेंटिमीटर खोल खुपसून सकाळी सात-आठच्या सुमारास वाचावा. दुपारी घेतलेली मातीच्या पृष्ठभागाची नोंद दिशाभूल करते.

६.२ कोणत्या आकड्याची वाट पाहावी :
व्यवहारात पुढील मर्यादा उपयुक्त ठरतात.

(अ) कोबी, फुलकोबी, पालेभाज्या : रात्रीचे किमान ४-५ अंश पुरेसे, थांबण्याची गरज नाही.
(आ) टोमॅटो : आतील किमान १० अंश किंवा अधिक, माती सकाळी १३ ते १५ अंश.
(इ) वांगी व ढोबळी मिरची : आतील किमान १२-१३ अंश; माती १५-१६ अंश.
(ई) काकडी, कारली, कलिंगड इत्यादी वेलवर्गीय पिके : आतील किमान १५ अंश, माती १६ ते १८ अंश.

हे आकडे म्हणजे काटेकोर सीमारेषा नव्हेत. वाण, रोपाचे वय व थंडीचा कालावधी यांनुसार त्यांत फरक पडतो. एखाद्या रात्री एक-दोन तास तापमान थोडे खाली गेले व दिवस उबदार मिळाला तर रोप सावरते. सलग पाच-सहा रात्री खाली राहिल्यास सावरत नाही.

६.३ किती दिवस मोजावे :
लागवडीपूर्वी किमान सात ते दहा रात्रींची नोंद घ्यावी आणि त्यांतील सरासरी नव्हे, तर सर्वांत खालचा आकडा विचारात घ्यावा. तो आकडा मर्यादेच्या वर असेल आणि हवामान खात्याच्या पुढील काही दिवसांच्या अंदाजात थंडीच्या लाटेचा इशारा नसेल, तरच रोपे हलवावीत. निरभ्र आकाशाखाली पानाचे तापमान हवेपेक्षाही एक-दोन अंशांनी उतरते. म्हणून मर्यादेच्या वर दोन अंशांची राखीव जागा ठेवणे शहाणपणाचे होय.

६.४ पेरणीची उलटी गणना :
प्रत्यक्षात चूक होते ती लागवडीच्या दिवशी नव्हे, तर पेरणीच्या दिवशी. रोप तयार झाले म्हणून ते लावावे लागते. जागा तयार झाली म्हणून नव्हे. ट्रेमध्ये रोप फार काळ राहिले तर मुळे गुंडाळतात व ते निबर होते. मागील वर्षांच्या नोंदींवरून सुरक्षित आठवडा निश्चित करून तेथून मागे मोजत पेरणी करावी. उबदार रोपवाटिकेत टोमॅटोला साधारण चार आठवडे, ढोबळी मिरचीला पाच ते सहा आणि काकडीला दोन ते तीन आठवडे पुरतात. थंड रोपवाटिकेत हा काळ वाढतो. अनपेक्षित थंडीमुळे थांबावेच लागले तर रोपे मोठ्या पिशव्यांत बदलून आठ-दहा दिवस राखता येतात. हा खर्च फेरलागवडीच्या खर्चापेक्षा नेहमीच कमी असतो.

६.५ रोपे कणखर करणे व आतील संरक्षण :
रोपवाटिकेतून थेट हरितगृहात न नेता सात ते दहा दिवस रोपांना सवय लावावी. दिवसा हरितगृहात ठेवून रात्री आडोशाला न्यावीत, पाणी किंचित कमी करावे, नत्र टाळावे. मात्र या उपायाची मर्यादाही ओळखावी. कोबीचे रोप सवयीने खरोखर थंडीसह बनते. काकडीचे रोप सवयीनेही १५ अंशांचे ५ अंशांवर येत नाही.

लागवडीनंतर दुपारी चारच्या सुमारास, ऊन असतानाच पडदे उतरवावेत. पाणी संध्याकाळी न देता सकाळी उशिरा द्यावे, म्हणजे माती ओली राहून दिवसाची उष्णता साठवील आणि पाने रात्री कोरडी राहतील. वाफ्यावर तारेच्या कमानी रोवून त्यांवर न विणलेल्या कापडाचे आच्छादन रात्रीपुरते टाकल्यास आणखी एक-दोन अंश मिळतात. हे दोन अंश ९ अंशांच्या रात्रीला ११ अंशांची करतात. ३ अंशांच्या रात्रीला मात्र ते वाचवू शकत नाहीत.

७. निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) नाजूक भाजीपाला रोपांच्या बाबतीत दहिवराचा अभाव हा सुरक्षिततेचा निकष होऊ शकत नाही, शीत-इजा गोठणबिंदूच्या कितीतरी वर सुरू होते.
२) तापनविरहित हरितगृहाची दिवसाची ऊब व रात्रीची ऊब या दोन स्वतंत्र बाबी आहेत. रात्रीची ऊब हवेत नव्हे, तर माती, भिंत व पाणी यांत साठलेली असते.
३) पुनर्लागवडीची वेळ तारखेने अथवा सरासरी तापमानाने न ठरविता सलग सात ते दहा रात्रींतील सर्वांत कमी तापमान व सकाळचे मातीचे तापमान यांवरून ठरवावी.
४) लवकर लागवडीचा लाभ हा रोपाची वाढ अखंड राहिली तरच लाभ ठरतो.

या विषयाच्या निमित्ताने महाविद्यालयीन प्राध्यापकवर्गापुढे एक सूचना नम्रपणे मांडावीशी वाटते. अनेक महाविद्यालयांच्या आवारात लहानसे पॉलिहाऊस किंवा शेडनेटगृह आहे. भूगोल विभागाकडे तापमापी आहे, भौतिकशास्त्र विभागाकडे उष्णतेचे गणित आहे, वनस्पतिशास्त्र विभागाकडे रोपे आहेत आणि वाणिज्य विभागाकडे बाजारभावाचा अभ्यास आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत हरितगृहाच्या आतील व बाहेरील किमान तापमानाची नोंद विद्यार्थ्यांकडून रोज सकाळी एका वहीत करून घेतली, तर तीन-चार वर्षांत त्या परिसरापुरता विश्वासार्ह आधार उभा राहील. आपल्या वर्गांत बसणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरी याच काळात रोपांचे ट्रे आलेले असतात. ती वही त्यांच्या घरापर्यंत पोहोचली, तर एखाद्या कुटुंबाची एखादी लागवड वाचेल आणि थंड रात्रीचा दोष बियाण्याच्या माथी मारला जाणार नाही.